एकशेएकची मोरी

"तो कॅन आधी खाली ठेव," मालन म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."

एजन्सीच्या चंद्रप्रकाशनं ॲसिडचा कॅन खाली ठेवला नाही, नुसता या हातातून त्या हातात घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या दारात तो उभा होता आणि त्याच्या नि मोरीच्या मधे मालन. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवीतून बांबूच्या कामटीचं भेंडोळं बाहेर डोकावत होतं.

"दीदी, मेरेको साब ने बुलाया है. दस मिनट का काम. ऊपर से डालेंगे, नीचे तक साफ."

"लाईन खाली तुंबलीय, शहाण्या. वरून ओतलेलं जाणार कुठं? पहिल्या मजल्याच्या मोरीतून वर येणार. तिथं बावीस दिवसांची पोर आहे. तिला त्याच मोरीत न्हाऊ घालतात."

चंद्रप्रकाशला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं सेक्रेटरींकडं बघितलं. कॅन आता आपोआप खाली टेकला.

सेक्रेटरी म्हणजे अनिरुद्धकाका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून निशिगंध सोसायटीचा कारभार त्यांच्याच हाती होता, आणि हे बाथरूमही त्यांचंच. माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा मत झालं की ते पक्कं व्हायचं, सिमेंटसारखं.

"हे बघ मालन, भावनेचं काम नाही हे. कालपासून आम्ही अंघोळ केलेली नाही. सणाचे दिवस आहेत."

"मला चार वाजेपर्यंत वेळ द्या काका."

"आणि चारला नाही सुटली तर?"

"तर याला बोलवा."

"नुसता याला नाही," काका म्हणाले. "मग सोसायटीचं सगळं कामच एजन्सीला. कमिटीत कधीपासून चाललंय. दर वेळी तुझं सोडा नि गरम पाणी, तुझं थांबा नि बघू... एकदाच काय ते ठरू दे."

मालननं मान हलवली. चंद्रप्रकाशनं कॅन उचलला आणि जिना उतरता उतरता हळूच म्हणाला, "दीदी, चार बजे आता हूं. बुरा मत मानना."

"मानत नाही रे. तुझं पोट आहे, माझंही आहे."

कांदिवलीतली ही चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नसलेली. खाली गाळे नि पार्किंग. मागच्या बाजूनं एकावर एक चार बाथरूमं, आणि त्या चारींचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खालच्या चेंबरमध्ये. चारशेएक रिकामाच होता. दोनशेएकवाले कुलूप लावून गणपतीला देवगडला गेले होते. म्हणजे त्या लाईनवर दोनच घरं: वर सेक्रेटरींचं आणि खाली एकशेएक. काल संध्याकाळी सेक्रेटरींच्या वॉशिंग मशीननं पाणी सोडलं, तसा एकशेएकच्या मोरीतून काळपट फेस वर आला आणि उंबऱ्यापर्यंत चढला. आणि त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'एकशेएकमधील बाळंतिणीच्या तेल व पिठामुळे मागची लाईन तुंबली आहे. सदर सदस्यांनी दखल घ्यावी.' खाली सतरा अंगठे.

मालनला तो मेसेज एकशेएकच्या श्वेतानंच दाखवला होता, सकाळी, डोळे पुसत पुसत.

बायकांनी प्लंबिंग करायचं नसतं, असं मालनला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. सगळे नुसते तिच्या मागं बघायचे, कुणी गडी येतोय का म्हणून. गडी होता. नंदू, तिचा नवरा. वीस वर्षं त्यानं या भागातल्या मोऱ्या सोडवल्या. मग एका बिल्डिंगमध्ये, बंद बाथरूममध्ये, आधीच कुणी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती ते न कळता त्यानं वरून ॲसिड ओतलं. हिरवट वाफ उठली. तो गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. जीव वाचला, पण छातीचा भाता फाटला तो फाटलाच. आता एक मजला चढायचा तर तीनदा बसतो.

तेव्हा मालननं पिशवी उचलली. आधी नंदूनं घरातल्या फरशीवर पाइपाचे तुकडे मांडून तिला शिकवलं. हा बेंड, हा ट्रॅप, इथं केस अडकतात, इथं तेल गोठतं. कपबशा म्हणजे फ्लॅट. तिच्या बापाला हे मुळीच रुचलं नव्हतं. जालन्याकडचं गाव सोडून तो मुंबईला आला तो हेच सोडून. "दुसऱ्याची घाण काढायला मी तुम्हाला इथं आणलं नाही," म्हातारा कडाडला होता. मालन शांतपणे म्हणाली होती, "अप्पा, कुणी सांगतंय म्हणून उपसणं वेगळं आणि येतंय म्हणून दुरुस्त करणं वेगळं. मला हे येतंय." म्हातारा सहा महिने बोलला नाही. मग एक दिवस त्याच्याच चाळीतली मोरी तुंबली, तेव्हा शेजाऱ्याला म्हणाला, "माझ्या पोरीला बोलवा. तिच्यासारखं कुणी करत नाही."

ॲसिडची बाटली मात्र पिशवीतून गेली ती गेली.

एकशेएकचं दार उघडंच होतं. आत शेपा-ओव्याच्या धुरीचा वास. श्वेता पलंगावर, कानाला रुमाल बांधून, पोर कुशीत. आणि मोरीच्या तोंडाशी पाट घेऊन, जणू राखण करत, तिची आई शुभाकाकू बसलेल्या. लेकीच्या बाळंतपणाला कुडाळहून आलेल्या.

"इलंस गो? वर काय ठरला?"

"चारपर्यंत वेळ दिलाय."

"चार! आणि माझ्या नातीक न्हाणी कधी? बावीस दिवस एक दिस खाडो नाय. आज पयलोच." शुभाकाकूंचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "सतरा जणांनी आंगठे दिल्यानी म्हणे. ता तेल मी चोळतंय, ता पीठ मी लावतंय. माझ्या हातात खोट ती काय? चार पोरांका मी न्हाऊ घातलंय, कोणाची मोरी तुंबली नाय."

"आई, पुरे ना," श्वेता आतून म्हणाली.

मालन मोरीशी उकिडवी बसली. पाणी काठोकाठ. मोरीच्या काठाला तेलाचा तवंग, डाळीच्या पिठाची पिवळी रेघ. तिनं ते बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काकू, तेलच वाटतंय हो. पीठ आणि तेल गार झालं की साबणासारखं धरतं. तुमची चूक नाही, पण..."

शुभाकाकूंनी तोंड फिरवलं. "म्हणजे तुयय तसाच म्हणतंस."

मालनला ते लागलं. पण हाताला काम होतं.

साचलेलं पाणी तिनं मगानं उपसून बादलीत घेतलं आणि संडासात ओतलं. ती लाईन वेगळी. जाळी काढली. खायचा सोडा अर्धी वाटी आत सोडला, त्यावर पाच लिंबांचा रस. फसफस झाली तसा ओल्या फडक्याचा बोळा तोंडावर दाबून धरला. अर्धा तास. मग गरम पाणी, पण उकळतं नाही. उकळत्यानं प्लास्टिकचे सांधे ढिले पडतात. बोट बुडवून तीन अंक मोजता येतील इतपतच. मग रबरी पंप लावून हळू हळू दाब. तेलाच्या मोरीला हे औषध हमखास. शंभर वेळा केलेलं.

पाणी हललं नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा पाच लिंबं, पुन्हा सोडा. शुभाकाकू आता पाट सोडून मागं उभ्या होत्या.

"अगो, इतक्या लिंबू-सोड्यान तेका एक ढेकर तरी येऊक व्हयो होतो!"

श्वेता हसली. मालनला हसू आलं नाही. कारण तिला एक दिसत होतं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं: सकाळी हे पाणी पावतासात बोटभर तरी उतरत होतं. आता तेवढंही उतरत नव्हतं. तिच्या औषधानं दुखणं वाढलं होतं.

साडेबाराला नंदूचा फोन आला. डब्यात भेंडी दिलीय, थंड व्हायच्या आत खा, हे सांगायला. मधे श्वास घ्यायला थांबत.

"आवाज असा का येतोय तुझा?" त्यानं विचारलं.

"सुटेना झालीय."

"काय टाकलंस?"

"सोडा, लिंबू. दोनदा. उलट आवळलीय."

पलीकडं नंदूनं श्वास जमवला. "मी सांगू का?"

"नका सांगू."

"बरं."

"रागावू नका. तुम्ही सांगितलं की मी बघायची थांबते. मला अजून नीट बघायचंय."

"रागावतोय कशाला," नंदू म्हणाला. "भेंडी खा आधी."

भेंडी तिनं खाल्ली नाही. ती खाली उतरली. इमारतीच्या मागं, जास्वंदीच्या झाडाशेजारी चेंबर होतं. आकड्यानं तिनं लोखंडी झाकण उचललं. आत पाण्याचा थेंब नव्हता, म्हणजे अडचण याच्या वर आणि पहिल्या मजल्याच्या खाली. मधे एकच जागा: तळाचा बेंड, जिथं उभा पाइप आडवा होतो. वरून जे काही जड येईल ते तिथंच बसणार.

जड. तेल जड नसतं. तेल वर राहतं.

हे तिला सकाळीच सुचायला हवं होतं. काठावरची पिवळी रेघ बघितली आणि ग्रुपवरच्या सतरा जणांसारखाच तिनंही अंगठा दिला.

चेंबरच्या कडेला पालथी पडून तिनं बांबूची कामटी आडव्या पाइपात सरकवली. लोखंडी स्प्रिंगपेक्षा तिला बांबू बरा वाटायचा. तो वळतो, पाइपाला ओरखडत नाही, आणि पुढं काय लागलंय ते हाताला सांगतो. केसांचा बोळा लागला की कामटी उसळी खाते, तेल लागलं की घसरते. आज ती रुतली. हळूच, लोण्यात सुरी जावी तशी आत गेली आणि तिथंच धरली गेली.

ओढून काढली. टोकाला राखाडी, मऊशार लगदा. मालननं मोजा काढला. वास घेतला: तेलाचा नाही, साबणाचा नाही. अंगठा नि बोटाच्या मधे चोळलं. एक खडा लागत नव्हता, वाळूचा कण नाही. बोटावर सुकत गेलं तसं ते पांढुरकं झालं.

माती.

मालन तशीच बोट धरून बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं जालन्याकडची भिंत आली. दिवाळीच्या आधी आई भिंती पोतारायची. पांढऱ्या मातीचं पाणी करताना त्यात चुलीची राख कालवलेलं पाणी घालायची, की माती कशी दुधासारखी पातळ व्हायची, फडकं फिरवावं तिकडं धावायची. आणि एका वर्षी सात-आठ वर्षांच्या मालननं शहाणपणा करून, भांडं रिकामं करायचं म्हणून, चिंचेचं उरलेलं पाणी त्या मातीच्या टोपात ओतलं. दूध नासावं तशी माती नासली. तळाला गच्च गोळा, वर नितळ पाणी. आईनं पाठीत धपाटा घातला होता. "आंबट घातलंस कार्टे! आता ही सुटायची न्हाई." मग तिनं पुन्हा राखेचं पाणी घातलं होतं आणि माती पुन्हा हळूहळू मोकळी झाली होती.

दहा लिंबं! तिनं स्वतःच दहा लिंबं त्या मातीवर पिळली होती. आणि चारला तो पोरगा कॅनभर ॲसिड ओतणार होता. सगळ्या आंबटांचा बाप. बेंडातला गोळा वीट झाला असता आणि वरचं जळजळीत पाणी एकशेएकच्या मोरीत उभं राहिलं असतं.

माती कुठून आली, हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला. आधी ती काढायची होती.

नाक्यावरच्या दुकानातून धुण्याचा सोडा आणला. खायचा नव्हे, चुलीच्या राखेचा जवळचा भाऊबंद तो. मोजे घालून गार पाण्याच्या बादलीत मुठी मुठीनं विरघळवला. वर जाऊन सेक्रेटरींच्या दारातूनच सांगितलं, "काका, सांगेपर्यंत नळ सोडू नका." मग एकशेएकच्या मोरीत साचलेलं पुन्हा उपसून हे सोड्याचं पाणी, एकेक मग, अगदी सावकाश आत उतरवलं.

"आता काय ह्या?" शुभाकाकूंनी विचारलं.

"आता थांबायचं."

"सकाळपासून तोच तर करतंव!"

"सकाळी चुकीचं थांबलो. आता बरोबर थांबू."

तासभर थांबली. मग खाली. चेंबरच्या पुढच्या नळीच्या तोंडाला तिनं गोणपाट बांधलं, इथली माती सुटून पुढं जाऊन दुसऱ्याचं तुंबायला नको. पुन्हा पालथी. कामटी आत, फिरव, बाहेर, पूस. आत, फिरव, बाहेर, पूस. पहिल्यांदा गोळा गोळा येत होता, मग खिरीसारखं, मग ताकासारखं. पाठीवर ऊन आलं, कोपरं सोलली. गाळ्यातले दोघं-तिघं येऊन बघून गेले, एकानं विचारलं, "मिस्त्री कुठाय?" मालन मान वर न करता म्हणाली, "पालथा पडलाय. दिसत नाही?"

पावणेतीनच्या सुमाराला कामटीला काहीतरी गुंतलं. ओढलं तर एक लांब दोरा आला, चिखलानं माखलेला, त्यात दुर्वांची काडी अडकलेली. तिनं बादलीत बुचकळून तो धुतला. जानवं होतं.

आणि त्याच्या मागोमाग बेंड सुटला. आधी एक हुंदका आल्यासारखा आवाज, मग राखाडी पाण्याचा लोट भसकन चेंबरमध्ये. मालनच्या तोंडावर, केसांवर, कानात. ती हलली नाही. लोट ओसरेपर्यंत गोणपाट हातानं धरून बसली. साठलेली माती ओंजळीनं काढून तिनं बादलीत भरली. अर्धी बादली झाली.

शाडू. दीड दिवसाचा.

ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलेला फोटोही होता, श्वेतानं दाखवलेल्या मेसेजच्या थोडा वर. 'यंदाही घरच्या घरी, बादलीत विसर्जन. शाडू मातीच. निसर्गाचं निसर्गाला.' खाली तीसेक अंगठे.

ही बादली चुपचाप गटाराच्या कडेला उलटी केली असती तरी चाललं असतं. लाईन सुटली होती, शर्त जिंकली होती, सेक्रेटरींशी वाकडं घ्यायचं कारण नव्हतं. मालनच्या घरी गणपती बसत नाही. फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती आहे, तीही मातीचीच, नंदूनं एका सुट्टीच्या दिवशी बाजारातून आणलेली. रोज सकाळी ती त्या मूर्तीवरची धूळ पुसते, तेव्हा बोटाला जे लागतं ते तिला ठाऊक होतं. कुणाच्या घरात चार फुलं वाहिलेली माती गटाराला नेऊन टाकायची नसते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, एकशेएकमध्ये एक म्हातारी स्वतःच्या हातांकडं संशयानं बघत बसली होती.

ती आधी तिथंच गेली. दारातच उभी राहिली, चिखलानं माखलेली.

"काकू, लाईन सुटली. तेल नव्हतं. पीठ नव्हतं. मी सकाळी न बघता बोलले. माझी चूक झाली."

शुभाकाकूंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "पयला तोंड धू. मगे चूक सांग." पण डोळे भरले होते त्यांचे. "माझा नव्हता ना? खरा सांग."

"तुमचं नव्हतं."

मग तिसरा मजला. दार अनिरुद्धकाकांनीच उघडलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. सव्वातीन झाले होते. मालननं बादली उंबऱ्याबाहेर ठेवली. वर, धुतलेलं जानवं घडी करून.

"काका, हे तुमचं आहे. कुठं ठेवू?"

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा असा झाला, की मालनला वाटलं आपण नजर दुसरीकडं वळवावी, आणि तिनं ती वळवली.

मागून त्यांच्या पत्नी चेतनाकाकू आल्या. वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तरी मी म्हटलं होतं, जास्वंदीला घाला! बादली खाली न्यायला कंबर दुखते म्हणून बाथरूममध्ये ओतलीत ना? आणि जानवंसुद्धा काढलं नाहीत?"

"शाडू विरघळतो," काका पुटपुटले. "नैसर्गिक आहे तो. मी वाचलं होतं..."

"विरघळत नाही काका, भिजतो," मालन म्हणाली. "पाणी थांबलं की खाली बसतो. आणि त्याच्यावर आंबट पडलं की घट्ट होतो, ते मी आज स्वतः करून बघितलं. कुंडीत, झाडाला, कुठंही घाला, मातीत माती जाते. पाइपात माती नसते."

मालननं बादलीच्या कडीला हात घातला. "मी नेते खाली. सांगा फक्त कुठं."

"नको," काका म्हणाले. "राहू दे. मी नेतो."

"अहो, कंबर!" चेतनाकाकू म्हणाल्या.

पण त्यांनी चप्पल घातली होती. दोन्ही हातांनी बादली धरून ते जिना उतरू लागले. एकेक पायरी, वळणावर थांबत. मालन दोन पायऱ्या मागं राहिली, पडले तर धरायला, पण दिसणार नाही अशी. पहिल्या मजल्यावर येऊन ते थांबले. एकशेएकच्या दारासमोर बादली टेकवली. बेल वाजवली. दार उघडंच होतं, तरीही.

"वहिनी," शुभाकाकूंना ते म्हणाले, "लाईन आमच्यामुळं तुंबली. आमच्या गणपतीच्या मातीनं. मी ग्रुपवर लिहिलं ते चुकीचं होतं. आत्ता खाली पोचलो की तसं लिहितो."

शुभाकाकूंनी बादलीत बघितलं. काकांकडं बघितलं. आपसूक हात जोडले, ते बादलीला की काकांना हे सांगणं कठीण होतं.

"अरे देवा. तरीच म्हटलंय, पाणी वर कित्या येता! आमच्या ह्या बारक्या चेडवाक बघूक इलो होतो तो. तुमच्याकडे दीड दिवस ऱ्हवलो आणि माझ्या नातीच्या न्हाणयेत बसान ऱ्हवलो." आणि मग, काकांचा चेहरा बघून, जरा मऊ होत, "जावा, पयला तेका झाडाक घाला. कंबर सांभाळून."

आतून श्वेताचं हसणं आलं, आणि त्या आवाजानं दचकून बाळाचं रडणं.

चारला चंद्रप्रकाश आला तेव्हा सेक्रेटरीसाहेब जास्वंदीच्या मुळाशी बसून हातानं माती पसरत होते. त्याला काही समजेना. तो कॅन घेऊन तसाच उभा राहिला.

"साब, डालना है क्या?"

"नाही, लागणार नाही," काका उठत म्हणाले. "झालं काम. आमच्या प्लंबर आहेत ना या, मालनताई. यांनी केलं."

नऊ वर्षं ती इथं येत होती. 'मालन' होती, 'नंदूची बायको' होती, 'त्या बाईला बोलवा'मधली बाई होती. मालन चेंबरच्या कडेला कामटी पुसत होती. तिनं ती जरा जास्तच वेळ पुसली.

चंद्रप्रकाश जवळ आला. बादलीच्या तळाची माती बघून म्हणाला, "इसमें तो अपना माल भी फेल था."

"फेल नाही, उलटं झालं असतं," मालन म्हणाली. "एक सांगते, ऐक. बंद बाथरूममध्ये हे कधी ओतू नकोस. खिडकी उघड, आणि आधी कुणी काय टाकलंय ते विचार. कामाची घाई असली तरी विचार. लग्न झालंय?"

"पिछले साल."

"मग विचारच."

तो मान डोलवून गेला. मालन मात्र गेली नाही. झाकण अजून उघडंच होतं. लाईन सुटली असं पाणी गेलं म्हणून म्हणायचं नसतं, नंदूचं म्हणणं. घरातलं रोजचं पाणी, रोजच्यासारखं, कुणाच्या ध्यानात न येता खाली आलं, की म्हणायचं.

वर पहिल्या मजल्याच्या छोट्या खिडकीतून वाफ बाहेर पडत होती. आत पाट सरकल्याचा आवाज झाला. शुभाकाकू पाय लांब करून बसल्या असणार, पायांवर पोर पालथी घेतलेली असणार. बाळाचा एक मोठा, संतापलेला टाहो उठला, अवेळी न्हाऊ घालणाऱ्या साऱ्या जगाविरुद्ध.

"सोडतंय गो!" खिडकीतून आवाज आला.

"सोडा!" मालन खालून ओरडली.

पाइपातून आधी नुसती सळसळ उतरली. बेंडापाशी ती अडखळली नाही, घुटमळली नाही. मग चेंबरच्या तळाशी पाणी आलं, बारीक धारेनं, कोमट, डाळीच्या पिठानं किंचित पिवळं, वर तेलाचे दोन-चार बारके डोळे. दुसरा तांब्या, तिसरा. वर टाहोचं रडणं झालं, रडण्याची कुरकुर झाली, आणि मग तीही ऐकू येईना.

मालन गुडघ्यांवर बसून पाणी पुढं जाताना बघत होती. तोंडावरचा शाडू सुकून पांढरा पडला होता. तो पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.